आधी घसा दाखवा

ताई आली ती फोन कानाला लावूनच. आईनं दार उघडलं, तर भिंतीला टेकून एका हातानं बुटांचे बंद सोडत ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "विपर्यास झालेला नाही. ते जे बोलले तेच छापून आलंय."

"ते आपल्याला माहीत आहे, मॅडम," मंत्रालयातला माहिती अधिकारी पलीकडून म्हणाला. "पण चारला पत्रकार परिषद आहे. त्याआधी वडिलांकडून दोन ओळी मिळाल्या तर बरं, असं साहेबांचं म्हणणं आहे. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला.' बस्स, एवढंच."

"ते देणार नाहीत."

"साहेब म्हणत होते... रागावू नका मॅडम... ज्यांना घरच्यांना पटवता येत नाही, त्या देशाला काय पटवणार?"

"साहेबांना सांगा, देश सोपा आहे," ताई म्हणाली आणि फोन बंद केला. मग आईकडे वळून तिनं चेहऱ्यावर हसू आणायचा प्रयत्न केला. "पंचाहत्तरीच्या शुभेच्छा, आई."

"भांडणार असशील तर आत्ताच सांग," आई म्हणाली. "मी जेवण उशिरा वाढते. गरम अन्नासमोर भांडलेलं मला चालत नाही."

भांडायचं ताईच्या मनात नव्हतं. निदान जिना चढेपर्यंत तरी नव्हतं. गेला आठवडाभर ती रोज तेच करत आली होती. लोकांना वाटायचं, देशाची मुख्य आरोग्य अधिकारी म्हणजे केवढी सत्ता! प्रत्यक्षात कायदा मंत्र्यांचा, तिजोरी अर्थखात्याची, रुग्णालयं जिल्ह्यांची. तिच्या वाट्याला फक्त सल्ला. तो द्यायचा, नीट समजावून द्यायचा, आणि कुणी ऐकलं नाही की जबाबदारीही आपलीच. घटसर्पाचे रुग्ण पहिल्यांदा सापडले तेव्हा ती मंत्र्यांना म्हणाली होती, मोठ्या माणसांनाही लसीचा एक डोस पुन्हा द्यायला हवा. ते पटवण्यात महिना गेला. मग केंद्रं उघडली, लोक यायला लागले.

आणि सोमवारी रेडिओवाल्यांनी अण्णांना 'जुन्या डॉक्टरांच्या आठवणी' सांगायला बोलावलं.

निवेदिकेनं जाता जाता विचारलं, मोठ्यांनी लस घ्यावी का? अण्णा म्हणाले, "लहानपणी घेतलीय ना? मग झालं की. मी पन्नास वर्षं घसे तपासले. सरकारनं किती तपासले?" स्टुडिओत हशा पिकला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य देशभर फिरलं, 'मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांचे वडीलच म्हणतात' असं शेपूट लावून. गुरुवारी ताई स्वतः एका लसीकरण केंद्रावर गेली, तर परिचारिका रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसल्या होत्या. त्यातली एक तिला ओळखून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आज फक्त पत्ता विचारायला एक जण आला होता."

*

जेवायला पाचच जण होते. अण्णा टेबलाच्या टोकाला, त्यांच्या उजव्या हाताला ताईचा धाकटा भाऊ छोटू. छोटूनं पन्नाशी ओलांडली होती, टक्कल पडलं होतं, तरी घरात तो छोटूच होता. ताईनं अण्णांचा दवाखाना नाकारला आणि साथरोगांच्या खात्यात नोकरी धरली तेव्हा दवाखाना छोटूकडे आला. तो दातांचा डॉक्टर होता. अण्णांचे जुने रुग्ण अजूनही खोकला, पोट, गुडघे घेऊन यायचे, आणि छोटू त्यांना पुढच्या चौकात पाठवायचा. जाता जाता ते अण्णांना नमस्कार करायचे, कारण अण्णा रोज सकाळी येऊन बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. छोटूला त्याचा त्रास व्हायचा, पण तसं कधी बोलला नव्हता.

"हा पाव कुठला?" अण्णांनी तुकडा दाबून बघितला. "रबरासारखा आहे. आपला बेकरीवाला अजून दुरुस्तीच करतोय?"

"हो," छोटू पटकन म्हणाला. "भट्टीचं काम निघालंय."

"भट्टीला एवढे दिवस लागतात?"

ताईनं भाताचं भांडं खाली ठेवलं. "अण्णा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"ताई, आज तरी नको," छोटू म्हणाला. "आईचा वाढदिवस आहे."

"चारला मला टीव्हीवर उभं राहायचंय. तुम्ही जे बोललात ते—"

"मी जे पाहिलं ते बोललो," अण्णा म्हणाले. "घटसर्प म्हणजे काय ते मी पाहिलंय. घशावर राखाडी पडदा धरतो. ओढायला गेलं की रक्त येतं. पोर श्वासासाठी तडफडतं. तू पाहिलंयस?"

"कागदावर पाहिलंय. एकशे चौदा जणांचं."

"कागदावर!" अण्णांनी आईकडे पाहिलं, जणू साक्षीदारच मिळाला. "मी माणसं बरी करायचो. ही मोजते."

हे वाक्य या घरात जुनं होतं. आईनं मुद्दाम आवाज करत वाडग्यात डाव बुडवला.

"मोजते, कारण कुणीतरी मोजायला हवं," ताईचा आवाज चढला. "तुमच्याकडे जे आले तेवढेच तुम्हाला दिसले. जे आले नाहीत ते कुणाला दिसणार? लसीचा जोर ओसरतो, अण्णा. आज रुग्णालयात आहेत ते चाळीस-पन्नास वर्षांचे आहेत. लहानपणी लस घेतलेले."

"म्हणजे मी टोचलेली लस फुकट गेली म्हण की!"

"फुकट कशी जाईल? त्या लसीमुळेच तर तीस वर्षं कुणाला काही झालं नाही! इतकं झालं नाही की हा रोग दिसतो कसा, तेच डॉक्टर विसरले."

"सगळे विसरले असतील. मी नाही."

छोटूची बायको प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका, आणि या घरातली अण्णांची सगळ्यात भरवशाची माणूस. ताई आणि अण्णा यांच्यात ती नेहमी अण्णांच्या बाजूनं बोलायची, आणि अण्णांनी आताही तिच्याकडेच पाहिलं. "तू सांग, सूनबाई. मी काय वावगं बोललो?"

तिनं पाण्याचा ग्लास सरळ केला, मग पुन्हा तिरका केला. "अण्णा, शाळेत आम्ही शिक्षकांसाठी लसीचं शिबिर ठेवलं होतं. अर्ध्यांनी नावं काढून घेतली. मला म्हणाले, 'बाई, तुमचे सासरेच नको म्हणतात, मग आम्ही कशाला सुई टोचून घ्यायची?' मी काय उत्तर देणार होते?"

"मला विचारायचंस."

"मग तुम्ही सांगितलं असतंत, नको. आणि मला ते शिक्षकांसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं."

अण्णांचा चेहरा उतरला. ताईच्या बोलण्यानं तो कधीच उतरत नसे. छोटूनं ते पाहिलं आणि त्याला बायकोचा राग आला. मग लगेच स्वतःचा आला. कारण बायकोला माहीत असलेली अर्धीच गोष्ट ती बोलली होती, आणि उरलेली अर्धी छोटूच्या घशात अडकली होती.

"मी परत सांगतो," अण्णा टेबलावर बोट आपटत म्हणाले. "आजही घटसर्पाचा रोगी माझ्यासमोर आणा. मला टॉर्च लागत नाही. दारातून बघून सांगेन."

"अण्णा, पुरे," छोटू म्हणाला.

"का पुरे? पन्नास वर्षं—"

"बेकरीवाल्याची भट्टी बिघडलेली नाहीये."

छोटूच्या बायकोनं डोळे मिटून घेतले.

"तो रुग्णालयात आहे," छोटू ताटाकडे बघत म्हणाला. "घटसर्प झालाय त्याला. श्वास बंद पडायला लागला म्हणून गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली. आता बरा आहे. धोका टळलाय. पण बोलता येत नाही."

"आपला बेकरीवाला?" आई म्हणाली. "अरे, तो तर मागच्या आठवड्यात तुझ्याकडे दाढ दाखवायला आला होता ना?"

"दाढ नव्हती. त्याला वाटलं दाढेमुळे घसा दुखतोय. मी दात पाहिले, दात ठीक होते. त्याला जाताना..." छोटू थांबला. अण्णा त्याच्याकडे टक लावून पाहत होते.

"जाताना मी त्याला थांबवलं," अण्णा सावकाश म्हणाले. "बाहेरच्या खोलीत. म्हटलं, दाखव रे. त्यानं तोंड उघडलं." त्यांचा हात नकळत चष्म्याकडे गेला. "टॉन्सिल सुजलेत, मिठाच्या गुळण्या कर, म्हणालो मी."

अण्णांना आता तो घसा डोळ्यांसमोर दिसत असावा, आणि दारातून येणारा अपुरा उजेडही.

ताई बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. "छोटू, आरोग्य पथक तुझ्याकडे चौकशीला आलं तेव्हा तू काय सांगितलंस?"

"की मीच तपासलं."

"फक्त तू?"

"हो. अगं, त्याच्या आदल्याच दिवशी अण्णा रेडिओवर बोलले होते. मी कसं सांगणार होतो की—"

"तुला प्रतिबंधक गोळ्या दिल्या?"

"दिल्या. आम्ही दोघांनी घेतल्या. नमुनेही दिले, काही निघालं नाही."

"अण्णांना?"

छोटू ताटातली शितं बोटानं गोळा करायला लागला.

"आईला?"

"ताई, मला वाटलं, गोळ्या दिल्या तर ते विचारतील कशासाठी—"

"तुला वाटलं!" ताई उठली, तशी खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आदळली. "त्या माणसाच्या उघड्या तोंडासमोर उभे होते ते! ब्याऐंशी वर्षांचे! आणि हे घरी येऊन आईच्या शेजारी झोपतात! मी महिनाभर मंत्र्यांच्या पाया पडतेय, जिल्ह्याजिल्ह्यात माणसं दारोदार पाठवतेय, की बाबांनो, संपर्कातला एकही माणूस सुटू देऊ नका. आणि सुटले कोण? माझे आईबाप! का? तर छोटूला संकोच वाटला!"

"ओरडू नकोस त्याच्यावर," आई म्हणाली.

"मग कुणावर ओरडू? सांग ना. या घरात कुणाला काय सांगायचं नाही हे सगळ्यांना पाठ आहे. काय सांगायला हवं ते कुणालाच नाही."

तिनं डोक्यावरून हात फिरवला. दोन-तीन श्वास घेतले. मग स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले, गरम पाण्यातून काढलेला एक मोठा चमचा आणला, पर्समधून मास्क काढून बांधला आणि जेवणघराच्या खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला.

"अण्णा, इकडे या. उजेडात."

"मला काही होत नाहीये."

"बेकरीवालाही तेच म्हणाला असेल. आधी घसा दाखवा, मग काय भांडायचं ते भांडू."

अण्णा उठले. खिडकीपाशी येऊन उभे राहिले. पन्नास वर्षं त्यांनी लोकांना तोंड उघडायला लावलं होतं, आणि आता तेच ओठ मिटून उभे होते, डोस पाजायला आणलेल्या लहान मुलासारखे.

"आ करा."

"चमचा उलटा धर. दांड्यानं जीभ दाबायची असते."

"अण्णा!"

त्यांनी तोंड उघडलं. ताईनं मोबाइलचा उजेड आत टाकला. छोटू आणि त्याची बायको जेवण सोडून बघत राहिले. ताई बराच वेळ बघत होती. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी. मग मानेखालच्या गाठी बोटांनी चाचपल्या.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "तरी नमुना घ्यायचा. गोळ्या आजच सुरू. लसही. निकाल येईपर्यंत दोघांनी घराबाहेर पडायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही. आई, आता तू."

आईनं आनंदानं तोंड उघडलं. "यांनी कधी बघितला नाही हो माझा घसा," ती मध्येच म्हणाली. "म्हणायचे, तुला काय धाड भरलीय."

"बोलू नकोस, आई. जीभ खाली."

ताईनं फोन करून पथक बोलावलं. पत्ता सांगताना तिनं स्वतःचा हुद्दा सांगितला नाही. पलीकडच्या मुलीनं नातं विचारलं तेव्हा "मुलगी" एवढंच म्हणाली. फोन ठेवला तर अण्णा अजून खिडकीपाशीच होते.

"तो आपल्या दवाखान्यात आला होता, हे तुला माहीत होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

"अहवालात नाव नसतं. वय, धंदा, वस्ती आणि आधी कुणाला दाखवलं ते असतं; यात दातांचा डॉक्टर होता. तुमच्या वस्तीत बेकरी एकच आहे. मला वाटलं छोटूनं पाहिलं. तुम्ही पाहिलंत, हे आत्ताच कळलं."

"तरी पण. एवढं भांडलीस माझ्याशी. तेवढं एक सांगितलं असतंस तर माझं तोंड बंद झालं असतं."

"रुग्णाची गोष्ट जेवणाच्या टेबलावर काढायची नाही," ताई मास्क सोडत म्हणाली. "आम्ही लहान असताना तुम्हीच दटावायचात."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, घातला, परत काढला.

ताईचा फोन वाजला. माहिती अधिकारी. "मॅडम, दोन ओळी मिळाल्या का?"

"नाही. दोन घसे मिळाले," ती म्हणाली. "पोचतेच मी."

ती बूट घालायला लागली. अण्णा मागून दारापर्यंत आले. "काय सांगणार आहेस तिथे?"

"हेच, की काही डॉक्टरांच्या मनात याबद्दल गैरसमज आहे—"

"काही डॉक्टर!" अण्णा उसळले. "हे काही डॉक्टर कोण? लोक दुधखुळे आहेत का? कुणाबद्दल बोलतेयस ते शेंबड्या पोराला कळेल. सरळ म्हण, माझे वडील चुकले. आडून बोललीस तर लोक म्हणतील, बापाला घाबरली."

"घाबरतेच मी तुम्हाला."

"ते घरात," अण्णा म्हणाले. "जा आता. उशीर होतोय."

*

पथकातली दोन माणसं येऊन नमुने घेऊन आणि दंडावर लस टोचून गेली. त्यांच्या हातमोज्यांबद्दल अण्णांनी तीन सूचना केल्या. छोटूची बायको भांडी आवरत होती. केक तसाच राहिला होता, आणि फुंकर मारून मेणबत्त्या विझवायला सुनेनं सक्त मनाई केली होती. आईनं मग सुरीनंच मेणबत्त्या काढल्या आणि केक कापला. पंचाहत्तर वर्षं जगून आपण काय मिळवलं, तर नाकातोंडात खुपसलेले दोन कापूस, असं तिच्या मनात आलं, पण ती बोलली नाही. बोलली असती तर छोटू पुन्हा माफी मागायला लागला असता. एकदा मागून झाली होती. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हटलं होतं, "पुढच्या वेळी माझी काळजी करताना माझा जीव घेऊ नकोस."

चारला टीव्ही लावला. ताई मंत्र्यांच्या शेजारी उभी होती. आईला ती थकलेली वाटली. कॉलर एका बाजूला वळली होती आणि कुणी तिला ते सांगितलं नव्हतं.

ताईनं आकडे सांगितले. कुठल्या वयाचे लोक आजारी पडताहेत ते सांगितलं. मग हातातला कागद खाली ठेवला.

"सोमवारी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी रेडिओवर सांगितलं की लहानपणी लस घेतली असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही. ते डॉक्टर माझे वडील आहेत. ते फार चांगले डॉक्टर आहेत. तुमच्यातल्या कित्येकांना त्यांनीच टोचलंय, आणि इतकी वर्षं तुम्ही धडधाकट राहिलात ते त्यामुळेच. पण या बाबतीत त्यांचं चुकलंय. त्या लसीचा परिणाम आता संपत आलाय. कृपा करून पुन्हा घ्या."

मंत्री तिच्याकडे वळून बघत राहिले. दोन ओळींची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

एका पत्रकारानं हात वर केला. "वडिलांना हे मान्य आहे का?"

"ते त्यांना विचारा," ताई म्हणाली. "मला त्यांच्या वतीनं बोलायची परवानगी नाही. कधीच नव्हती."

छोटू हसला. अण्णा हसले नाहीत. टीव्हीकडे बघत ते हाताच्या पंजावर अंगठा घासत राहिले. कठीण रोग्याचा विचार करताना ते असंच करायचे, हे फक्त आईला माहीत होतं.

पाच मिनिटांत घरातला फोन वाजला. छोटू झटकन उठला. "अण्णा, वायर काढून ठेवू का? आज दिवसभर हेच चालणार आहे."

"बस खाली," अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतः जाऊन फोन उचलला.

पलीकडून एका बाईचा आवाज येत होता, मोठा आणि भांबावलेला. अण्णांची कुणीतरी जुनी रोगी असावी. तुम्ही एक सांगता, टीव्हीवर दुसरंच सांगतात, आम्ही गरिबांनी ऐकायचं कुणाचं, असं काहीतरी ती विचारत होती.

"ऐका," अण्णा म्हणाले. "अहो, ऐका तर. सोमवारी मी बोललो ते चुकीचं होतं. ... चुकीचं. हो, मीच बोलतोय, दुसरं कोण असणार? ... नाही, माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. ... मी? मी आत्ताच घेतली. दंड दुखतोय. ... मुलगी सांगते म्हणून नाही हो. मुलीचं मी कशाला ऐकेन?"

त्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं. ताई अजून उत्तरं देत होती.

"देशाच्या मुख्य आरोग्य अधिकारी आहेत त्या," अण्णा म्हणाले. "त्या सांगताहेत घ्या, तर उद्या सकाळी जाऊन घ्या. नवऱ्यालाही न्या. आणि मला कशाला विचारता? त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्यांनी रिसीव्हर आपटला. आई त्यांच्याकडे बघत होती, हातात केकची बशी तशीच.

"काय बघतेस?" अण्णा वैतागून म्हणाले.

"काही नाही," आई म्हणाली.

फोन पुन्हा वाजायला लागला. अण्णांनी कपाळावर हात मारला, खुर्ची फोनपाशी ओढून घेतली आणि बसले.